तिसरं पाणी

गेल्या उन्हाळ्यात गडचिरोलीत एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी आमच्याच खात्यातला एक तरुण अभियंता बसला होता. मी नोकरीची वर्षं कुठे काढली हे कळल्यावर त्याने बुंदीचा घास हातातच धरला आणि मोठ्या उत्साहाने विचारलं, "म्हणजे सर, ते गाववाल्यांनी जहर टाकून मारलेलं प्लँट तुमच्याच काळातलं ना?" समोरचे दोघंतिघं हसले. ही गोष्ट म्हणे आता नव्या पोरांना प्रशिक्षणात सांगतात. खेड्यातल्या माणसाला चांगली वस्तू दिली की तो तिचं काय करतो, याचा नमुना म्हणून.

मी ही गोष्ट पुष्कळ वर्षं ऐकत आलो आहे. ऐकून मान हलवायचो. मान हलवणं हेच माझ्या नोकरीतलं खरं काम होतं. पाइप, पंप आणि टाक्या ही जोडकामं. त्या पंगतीतही माझी मान सवयीने हलली. हात धुताना स्वतःची इतकी किळस आली की घरी येऊन लिहायला बसलो.

गावाने जहर टाकलं नव्हतं. काय झालं ते सांगतो.

सिंदेवाहीहून सावलीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडं आत आमच्या खात्याची वसाहत होती. शेदोनशे घरं, साहेब लोकांचे बंगले, एक विश्रामगृह, एक क्लब. क्लबात संध्याकाळी पत्ते चालत आणि त्याला सगळे बॅडमिंटन म्हणत. मी तिथे शाखा अभियंता होतो. जन्म सिंदेवाहीजवळच्याच एका खेड्यातला, वाढलो धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत. वसाहतीतल्या अधिकाऱ्यांपैकी रोवणी करताना कमरेत कशी कळ येते हे ठाऊक असलेला मी एकटाच. हे मी तिथे कोणाला सांगत नसे. बंगल्यांवर चहाला गेलो की मी पुण्याच्या शुद्ध मराठीत बोलायचो आणि ती आपल्याला चांगली जमते असं समजायचो.

वसाहतीचं सांडपाणी, न्हाणीघराचं, स्वयंपाकघराचं आणि संडासांचंही, एका नाल्याने उताराला जायचं. उताराला गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. पावसाचं पाणी आणि आमचं सांडपाणी त्यात एकत्र साचायचं आणि त्यावर खालच्या बांध्यांतलं धान निघायचं. बांधीत उतरलं की पायांना खाज यायची. लोक खाजवायचे आणि धान काढायचे. तक्रार गावाने कधी केली नाही. तक्रार केली ती आमच्या क्लबाने. नाला क्लबाच्या मागून जायचा आणि पत्ते पिसताना वास यायचा. त्या वासावर मंत्रालयापर्यंत कागद हलले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या त्या एवढ्याशा वसाहतीला सांडपाणी शुद्ध करणारं आधुनिक केंद्र मंजूर झालं. त्या काळी चंद्रपुरात आणि गडचिरोलीत असं दुसरं नसावं. निदान आमचे मोठे साहेब तसं सांगत.

अडचण एकच होती. केंद्राला जागा हवी होती ती बोडीच्या तोंडाशी, गावाच्या मालकीची. शिवाय नाला वळवून केंद्रात घ्यायचा होता. त्याला गावाची संमती लागणार होती.

सभा शाळेच्या पडवीत झाली. नागपूरहून आलेल्या सल्लागाराने भिंतीवर मोठा नकाशा लावला आणि 'तृतीय स्तरीय प्रक्रियायुक्त जल' यावर बोलायला सुरुवात केली. लोक त्याच्याकडे बघत होते तसे पडवीत शिरलेल्या बकऱ्यांकडेही बघत होते. त्याने शहरातल्या एका केंद्रातून आणलेली स्वच्छ पाण्याची बाटली वर धरली.

"हे बघा, गटाराचं पाणी! आता कसं झालंय? आहे का कुठे घाण?"

पुढे बसलेल्या एका उंच, वाळक्या माणसाने विचारलं, "पेता येते का जी?"

"प्यायलाही हरकत नाही."

"मंग पहिले तुमी."

पडवी हसली. सल्लागाराने बाटलीचं बूच घट्ट केलं आणि पाणी दाखवायला आणलंय, प्यायला नाही, असं सांगितलं.

तो उंच माणूस गावाचा पाणकर होता. बोडीचं पाणी कोणाच्या बांधीत कधी आणि किती जाईल हे पाणकर ठरवतो. बोडीचं दार त्याच्या हातात असतं. त्याच्या निवाड्यावर भावाभावांत कुऱ्हाडी निघू शकतात, म्हणून गाव तोलून मापून माणूस निवडतं. याच्या घरात हे काम बापाच्या वेळेपासून होतं. तो हो म्हणाला तर गाव हो म्हणणार, हे मोठ्या साहेबांनाही कळलं. ते माझ्या कानाशी वाकले. "यांच्या भाषेत सांगा हो जरा. तुम्ही इकडचेच ना?"

ते त्यांना माहीत होतं तर.

मी उठलो आणि बऱ्याच वर्षांनी चारचौघांत माझ्या बोलीत बोललो. "असं पाहा भाऊ. पहिलं पानी म्हंजे नाल्यातलं, गाळ बसवलेलं. दुसरं पानी म्हंजे हवा मारलेलं. त्यात बारके जंतू रायतेत, ते घाण खाऊन टाकतेत. आन तिसरं पानी म्हंजे वाळूतून, कोळशातून गाळलेलं, एकदम साफ. ते तिसरं पानी तुमाले भेटंल."

पाणकर ताठ बसला. "तिसरं पानी भेटंल म्हनता?"

"हाव."

"दिवाळीच्या आंधी?"

इथे थांबून सांगायला हवं. आमच्याकडे धानाला तीन पाणी म्हणतात. पहिलं रोवणीचं, दुसरं फुटव्याचं आणि तिसरं दाणा भरतानाचं. पहिली दोन बहुधा पाऊसच देतो. तिसऱ्याच्या वेळी पाऊस निघून गेलेला असतो आणि बोडीत किती उरलंय यावर सगळं असतं. तिसरं पाणी चुकलं की लोंबी हिरवी, ताठ उभी राहते आणि आत दाणा नसतो. तिसऱ्या पाण्यासाठी आमच्याकडे माणसं देवीला नवस बोलतात. त्या पडवीतल्या एकाही माणसाला 'तिसरं पाणी' याचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. मलाही लहानपणापासून तोच ठाऊक होता.

सल्लागाराचा 'तृतीय स्तर' आणि पाणकराचं तिसरं पाणी यांची गाठ माझ्या तोंडात पडली होती. दिवाळीचं नाव निघालं त्याच क्षणी मला हे कळलं. वाक्य दुरुस्त करता आलं असतं. मी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. ते कौतुकाने हसत होते.

"हाव ना भाऊ," मी म्हणालो. "दिवाळीच्या आंधी."

पडवीभर कुजबुज झाली. पाणकराने मागे वळून लोकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब आपल्याकडचेच हायेत. सबूद देऊन राह्यले." मग हात वर झाले. जागा मिळाली, नाला मिळाला. सल्लागाराने परतीच्या जीपमध्ये मला सांगितलं की या लोकांशी संवाद साधण्याची माझी पद्धत फार परिणामकारक आहे.

केंद्र उभं राहिलं. ते चालवायला सावलीचा एक मिस्त्री ठेवला. त्याच्या घराचा पिढीजात धंदा मोटारी दुरुस्त करण्याचा, आणि बोलण्यात हिंदी जास्त. मधल्या टाकीत पंख्याने हवा सोडली की पाणी उकळल्यासारखं वर यायचं, आणि त्यातले जंतू नीट पोसले की त्याचा रंग चॉकलेटसारखा होई आणि वास भिजल्या मातीचा येई. मिस्त्री त्यांना मेहमान म्हणायचा. "साहब, आज मेहमान खुश हैं, पूरी कॉलनी का खा गये." शेवटच्या नळातून खरोखर स्वच्छ पाणी यायचं. एवढं एक काम त्या वसाहतीत मनापासून केलं गेलं आणि तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी.

पाणी स्वच्छ झालं आणि ते गावाचं राहिलं नाही.

याचा हुकूम कोणी काढला नाही. मोठ्या साहेबांच्या मॅडम एकदा केंद्र पाहायला आल्या, नळाखाली बोटं धरली, हुंगली आणि म्हणाल्या, "इतकं छान पाणी नाल्यात सोडता?" त्यांच्या बंगल्यापुढे गुलाब होते आणि उन्हाळ्यात ते करपत. दुसऱ्या आठवड्यात एक पाइप गुलाबांकडे गेला. मग क्लबाच्या हिरवळीकडे. मग विश्रामगृहापुढे एक कारंजं झालं, त्यात सिमेंटचा बगळा बसवला, आणि बगळ्याच्या चोचीतून आमच्या संडासांचं शुद्ध झालेलं पाणी उडायला लागलं. साहेब लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेत. घाण होतं तोवर ते पाणी निमूटपणे उताराला जात होतं, कोणी त्याच्यावर हक्क सांगत नव्हतं. ते सगळे पाइप मीच टाकले. बोडीकडचा वॉल्व्ह आधी अर्धा बंद केला, मग पूर्ण.

सुरुवातीची वर्षं पाऊस शेवटपर्यंत राहिला. बोडी आपोआप भरली आणि गावाला तिसरं पाणी मागायची वेळ आली नाही. पाणकर रस्त्यात भेटला की विचारायचा, "पानी चालू हाये ना जी?" मी म्हणायचो, "चालू हाये." ते चालू होतंच. गुलाबांना.

मग एका वर्षी पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो आलाच नाही. दसऱ्याला बोडीचा तळ दिसायला लागला. धान गर्भातून बाहेर येत होतं. त्याच सुमारास वरून फार मोठे पाहुणे आमचं केंद्र पाहायला येणार असं ठरलं आणि वसाहतीला ताप भरला. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. दगडांनाही लागला. मोठ्या साहेबांनी बैठकीत विचारलं, "स्वच्छतेचं काय?"

मी सुचवलं की आदल्या दिवशी सगळ्या वसाहतीतले संडास आणि गटारं एकदम धुऊन काढू. चकाचक. साहेब खूश झाले. चंद्रपूरहून फिनाईलचे कॅन आले, ॲसिडच्या बाटल्या आल्या, ब्लिचिंग पावडरच्या गोण्या आल्या. सकाळपासून घराघरांत आणि गटारागटारांत ते ओतलं. बायकांनी घरातल्या बादल्याही रिकाम्या केल्या, कारण सामान फुकट होतं. मिस्त्री एका गटाराशी कॅन घेऊन उभा होता.

"साहब, इतना सारा?"

"टाक रे. पाहुने येऊन राह्यले."

"हमारे मेहमानों का क्या?"

मी हसलो. मला वाटलं तो विनोद करतोय. जंतू मारायची औषधं आम्ही ज्या गटारांत ओतत होतो ती सगळी गटारं जंतू पाळलेल्या टाकीत जात होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. केंद्राचा नकाशा माझ्या टेबलामागे लावलेला होता. पण मनातल्या दोन खोल्यांत मधलं दार नव्हतं. एका खोलीत स्वच्छ म्हणजे जे मिस्त्रीची टाकी करते ते, आणि दुसरीत स्वच्छ म्हणजे ज्याला फिनाईलचा वास येतो ते. साहेब येणार म्हटल्यावर दुसरी खोली जिंकली. माझ्या शिक्षणाची एवढीच किंमत.

त्याच सकाळी पाणकर आला. केंद्राच्या कठड्याशी, हातात टोपी घेऊन.

"साहेब, धान निसवलं. आता तिसरं पानी पायजे जी."

"पाहुणे येणार आहेत," मी म्हणालो. आजूबाजूला दोन अधिकारी होते म्हणून पुस्तकी मराठीत म्हणालो. "त्यांची भेट झाल्यावर बघू."

"आठ-दहा दिवस दार बोडीकडं केलं तरी होते. मंग तुमच्या बगळ्याले देजा."

अधिकारी हसले. तोही हसला. तो बराच वेळ थांबला, टाकीत उसळणारं पाणी बघत. जाताना म्हणाला, "म्या गावाले सांगून ठेवलं हाये बरं का. साहेबाचा सबूद हाये म्हनून."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा मधल्या टाकीवर पांढरा फेस कठड्याच्या वर आला होता. चॉकलेटी रंग गेला होता. टाकी करड्या पाण्याची झाली होती आणि तिला मेलेल्या जनावराचा वास येत होता. त्याच्या वर फिनाईल आणि फिनाईलच्या वर मोगऱ्याचं अत्तर, जे कोणीतरी पाहुण्यांच्या वाटेवर शिंपडलं होतं. बगळ्याच्या चोचीतून फेस येत होता. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला, दोन वाक्यं बोलले आणि जेवायला गेले. जेवण उत्तम होतं असं सांगून गेले.

गाड्यांची धूळ बसायच्या आत मोठ्या साहेबांनी आम्हाला विश्रामगृहाच्या व्हरांड्यात उभं केलं. फिनाईलचा वास तिथेही येत होता. तो प्रत्येकाच्या नाकात गेला होता, साहेबांच्याही.

"कोणीतरी काहीतरी टाकलंय," साहेब म्हणाले. "शेतातलं औषधबिवध. काल इथे बाहेरचं कोण आलं होतं?"

त्यांना उत्तर हवं होतं, आणि ते कोणत्या बाजूने यावं हेही त्यांनी सांगितलं होतं. आमच्यापैकी प्रत्येकाला एटापल्लीची बदली डोळ्यांपुढे दिसत होती. गडचिरोलीच्या सीमेवर बसून आम्ही गडचिरोलीच्या आतल्या भागाला भीत होतो. असले आम्ही जंगल जिल्ह्याचे शूर अधिकारी.

"पाणकर आला होता," मी म्हणालो. "टाकीपाशी बराच वेळ उभा होता."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार झाली. पाणी दिलं नाही म्हणून गाववाल्याने सूड घेतला. ती इतकी सोयीची होती की तिच्यात कोणी काही तपासलं नाही. सावलीहून पोलीस आले, पाणकराच्या घरात औषधाचा डबा शोधला. तो प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असतो, त्याच्याही होता. ते त्याला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सोडलं, कारण साहेबांना खटला नको होता, फक्त कारण हवं होतं. मिस्त्री माझ्याकडे आला.

"साहब, उसने कुछ नहीं डाला. आपने डलवाया, मैंने डाला."

"चूप बस," मी म्हणालो. "तुझी नोकरी जाईल."

तो गप्प बसला. त्याला घरी खाणारी तोंडं होती. माझं काय होतं?

मेलेल्या टाक्या रिकाम्या करणं भाग होतं. वास सहन होत नव्हता आणि गुलाबांना ते पाणी नको होतं. मॅडमनी स्वतः निरोप पाठवला की असलं पाणी बागेत येता कामा नये. मग मी बोडीकडचा वॉल्व्ह उघडला. कितीतरी वर्षांनी तो फिरला तेव्हा करकरला. सगळं काळं पाणी, सगळा कुजलेला गाळ, वसाहतीचं रोजचं सांडपाणीही, एका दमात बोडीत गेलं. गावाला तिसरं पाणी मिळालं ते असं.

बोडी पुन्हा भरली. दोन दिवसांत काही मासे उलटे होऊन वर आले. ते पाहून गाव काठावर जमलं. बांध्यांत भेगा पडायला लागल्या होत्या, धान दुधात होतं, बोडीत पाणी होतं आणि दार बंद होतं. पाणकराने दार उघडलं नव्हतं. लोक त्याला म्हणत होते, सोड. काही म्हणत होते, सोडू नको, धान जळंल. तो सरळ माझ्याकडे आला. या वेळी टोपी हातात नव्हती, डोक्यावर होती.

मी केंद्रावर एकटाच होतो.

"साहेब, एकच विचाराले आलो. त्या पान्यात काय हाये?"

मी हातातली फाइल उघडली.

"फिनाईल हाये ते नाकाले समजते. दुसरं काही हाये का? जहर हाये का? धानाले देऊ का नाई देऊ, एवढं सांगा जी. मी गेलो मंग."

मला सगळं माहीत होतं. फिनाईल बोडीच्या पाण्यात विरून नाकापुरतं उरलं होतं. ब्लिचिंग पावडर वाटेतच संपली होती. ॲसिडचं तेवढ्या पाण्यात काही चालणार नव्हतं. मासे मेले ते जहराने नाही, गाळाने पाण्यातली हवा खाल्ली म्हणून. धानाला त्याचं काही वाटत नाही, उलट त्या गाळावर धान पोसतं. मी नुसतं 'द्या' म्हणालो असतो तर पुरलं असतं. पण 'द्या' म्हणजे पाण्यात शेतातलं जहर नाही, आणि जहर नाही म्हणजे व्हरांड्यातली गोष्ट खोटी. मग फिनाईलची कल्पना कोणाची हे निघालं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सभेत तुमी आमच्यावानी बोलले होते."

"पाण्याचा नमुना तपासणीला पाठवावा लागेल. निष्कर्ष येईपर्यंत मला काहीही सांगता येणार नाही."

"कवा येईल?"

"सांगता येणार नाही."

"धान तवापर्यंत थांबते का साहेब?"

मी फाइल चाळल्यासारखं केलं. तो गेला. नमुना मी कुठेही पाठवला नाही.

त्याने दार उघडलं नाही. वरच्या पाच-सहा बांध्यांना विहिरीचं पाणी मिळालं, बाकीचं धान उभ्या उभ्या पोचट झालं. कापणीला लोंबी हातात घेतली की कागदासारखी वाजायची. गावाने पाणकर बदलला. ज्या घराने दोन पिढ्या दार सांभाळलं त्याच्या हातून दार गेलं, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच होतं. भरलेल्या बोडीच्या काठावर ज्याने धान वाळू दिलं, त्याला कोण ठेवील? लोकांना वाटलं, यानेच जहर टाकलं असणार; नाहीतर पाणी सोडायला भ्याला कशाला? आमच्या गोष्टीचा त्यांनी असा पुरावा काढला.

केंद्र पुन्हा सुरू झालं नाही. नव्याने जंतू पोसायचे तर शेणकाला टाकून महिना-दीड महिना राखावं लागलं असतं. कोणाला हौस? बगळ्याला बोअरचं पाणी जोडलं. मिस्त्री सावलीला परत गेला. मला बढती मिळाली. मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात एकाने केंद्राचा उल्लेख त्यांच्या कारकिर्दीतलं स्वप्न म्हणून केला, जे अडाणीपणाने हिरावलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

माझ्या निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी तो जुना पाणकर मला सिंदेवाहीच्या बस स्टँडवर भेटला. बाकावर बसला होता, जास्तच वाळलेला, मांडीवर पिशवी, पिशवीत कोथिंबिरीच्या जुड्या. मी ओळख दिली नसती तर चाललं असतं. मी शेजारी बसलो.

"भाऊ, ओळखलं का?"

"ओळखलं ना. बगळेवाले साहेब."

मी इकडचं तिकडचं काही बोललो नाही. सांगितलं की पाण्यात जहर नव्हतं. वसाहतीतलं फिनाईल होतं, ते मीच टाकायला लावलं होतं, आणि बोडीतलं पाणी धानाला चाललं असतं. माझ्या बोलीत सांगितलं. बोलताना ती तोंडात नीट बसत नव्हती.

तो समोरच्या लाल गाडीकडे बघत होता. कंडक्टर टपावर चढलेल्या माणसाला शिव्या देत होता.

"मालूम होतं," तो म्हणाला.

"मंग दार काऊन नाई उघडलं?"

"उघडतो कसा? तुमी मले जहर टाकनारा केलं होतं. मी दार उघडलं असतं आन एकाचंही धान जळलं असतं, तं तुमची गोष्ट खरी झाली असती. कोनाचं काही जळते, दर साली जळते. म्हनून तुमाले विचाराले आलो होतो. मले मालूम करून नोयतं घ्यायचं. तुमचा सबूद पायजे होता, गावापुढं ठेवाले." त्याने जुड्या पिशवीत नीट केल्या. "पहिला सबूद तुमी लवकर देल्ला होता. तवा कोनी मांगतलाबी नोयता."

"आता देतो भाऊ. गावात येऊन सांगतो सगळ्यांले."

"आता कोनाले? ते धान काय अजून उभं हाये का?" तो हसला. त्याला पुढचे दात नव्हते. "आन गावात येसाल तं तुमाले चहा पाजतीन, साहेब म्हनतीन. मले कोनी नाई पाजत. राहू द्या."

सावलीची गाडी लागली. तो उठला, पिशवी खांद्याला अडकवली, आणि गर्दीत शिरता शिरता मागे वळून जरा मोठ्याने, बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, सांभाळून जा. इथल्या मुतारीत आजच फिनाईल टाकलं हाये."

बाकावरचे दोघं हसले. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. मीही हसलो, मान हलवली.

मी गावात गेलो नाही. त्याने राहू द्या म्हटलं आणि मी ते लगेच मान्य केलं, जसं मला सोयीचं असलेलं सगळं मी आयुष्यभर मान्य केलं. आता तो आहे की नाही मला माहीत नाही, आणि या वेळी हे खरंच माहीत नाही. पण प्रशिक्षणात ती गोष्ट सांगितली जाते आहे, म्हणून लिहून ठेवतो: त्या वर्षी बोडीत जे पाणी होतं त्यात जहर नव्हतं. ते धानाला द्यायला हरकत नव्हती. त्याने विचारलं होतं, आणि उत्तर एवढंच होतं.